शर्यत कोणाची आणि कोणाशी

तात्याना मॅकफॅडन २००४ मध्ये अथेन्सच्या पॅरालिंपिकमधून एक रौप्य आणि एक कांस्य पदक घेऊन अमेरिकेला परतली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. जन्म लेनिनग्राडचा, मणक्याच्या ‘स्पायना बायफिडा’ या जन्मजात दोषासह. कंबरेखाली शरीर लुळं. आयुष्याची पहिली सहा वर्षं तिथल्या अनाथाश्रमात गेली. तिथे व्हीलचेअर नव्हती, म्हणून ही मुलगी हातांवर चालायला शिकली. पुढे डेबोरा मॅकफॅडन यांनी तिला दत्तक घेतलं आणि मेरीलँड राज्यात आणलं. हातांवर चालून कमावलेले तेच खांदे तिच्या खेळाचं भांडवल ठरले.

अथेन्सनंतर तिने अ‍ॅथोल्टन हायस्कूलच्या अ‍ॅथलेटिक्स संघात नाव घातलं. सराव इतरांबरोबर करायला मिळाला. स्पर्धेच्या दिवशी मात्र इतर मुलींची शर्यत होऊन जायची, ट्रॅक मोकळा व्हायचा आणि मग तात्यानाला एकटीला सोडलं जायचं. आठही लेन रिकाम्या, प्रेक्षक गप्प, कोणाच्या पुढे जायचं नाही की कोणाला मागे टाकायचं नाही. शाळेच्या यंत्रणेचं म्हणणं असं की रेसिंग चेअर धावणाऱ्या मुलींसाठी धोक्याची आहे, शिवाय चाकांमुळे तिला गैरफायदा मिळतो.

मायलेकी न्यायालयात गेल्या. आधार होता १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ चा: सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही उपक्रमातून अपंगत्वाच्या कारणावरून कोणाला वगळता येणार नाही. भरपाई म्हणून एक डॉलरही मागितला नव्हता. मागणी एकच होती, सगळ्या जणी ट्रॅकवर असतील तेव्हा मलाही ट्रॅकवर असू द्या. एप्रिल २००६ मध्ये न्यायाधीश आंद्रे डेव्हिस यांनी तिच्या बाजूने अंतरिम आदेश दिला.

तात्यानाने धावणाऱ्या मुलींना हरवल्याचं श्रेय मागितलं नव्हतं. तिची वेळ वेगळी नोंदवा, निकाल वेगळा लावा, याला तिची हरकत नव्हती. ‘शर्यतीत कोणाला घ्यायचं’ आणि ‘निकाल कोणाच्या तुलनेत लावायचा’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची गल्लत झाली की अन्याय होतो. दिव्यांगांच्या खेळातल्या पात्रतेच्या जवळजवळ प्रत्येक वादाच्या मुळाशी हीच गल्लत सापडते.

पहिला प्रश्न सुटला म्हणून दुसरा आपोआप सुटत नाही, हे त्याच वर्षी दिसलं. मेच्या राज्य स्पर्धेत १६०० मीटरच्या शर्यतीत तात्यानाच्या शाळेतली एक धावपटू बाद ठरवली गेली. तात्यानाने चेअरवरून तिला वेग धरायला मदत केली, असा पंचांचा निष्कर्ष होता. २००७ मध्ये तात्यानाने आणखी एक दावा केला. व्हीलचेअर शर्यतीचे गुण शाळेच्या एकूण गुणांत धरावेत, अशी ती मागणी होती. न्यायालयाने तसा अंतरिम आदेश द्यायला नकार दिला. ज्या शर्यतीत जवळपास प्रतिस्पर्धीच नाहीत, तिचे गुण सांघिक विजेतेपदासाठी मोजावेत का, हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. तो अवघड आहे म्हणून मुलीला ट्रॅकबाहेर ठेवणं मात्र समर्थनीय ठरत नाही. २००८ मध्ये मेरीलँडने दिव्यांग विद्यार्थ्यांना शालेय खेळात संधी देणारा कायदा केला आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याने देशभरातल्या शाळांना त्याच अर्थाच्या सूचना पाठवल्या.

मॅरेथॉनमध्ये हा झगडा तात्यानाच्या पहिल्या खटल्याआधी तीस वर्षं होऊन गेला होता. लहानपणी पोलिओ झालेला बॉब हॉल हा तरुण १९७५ मध्ये बोस्टन मॅरेथॉनचे संचालक विल क्लोनी यांच्याकडे गेला आणि व्हीलचेअरवरून उतरण्याची परवानगी मागितली. क्लोनी यांनी अट घातली: तीन तासांच्या आत पूर्ण केलीस, तर इतर धावपटूंसारखं प्रमाणपत्र मिळेल. हॉलने २ तास ५८ मिनिटांत अंतर कापलं. ती चेअर रोजच्या वापरातल्या चारचाकी खुर्चीचीच सुधारलेली आवृत्ती होती. हॉल पुढे स्वतःच रेसिंग चेअर बनवू लागला. २०२४ मध्ये त्याच बोस्टनच्या रस्त्यावर स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुगने १ तास १५ मिनिटं ३३ सेकंद अशी वेळ दिली, तीही वाटेत एका वळणावर उलटून पडल्यावर. पायांनी धावणाऱ्यांपैकी जगातल्या सर्वोत्तम धावपटूला त्या अंतराला दोन तासांच्या आसपास लागतात.

या आकड्यांवरूनच चाकांच्या गैरफायद्याचा मुद्दा निघतो. व्हीलचेअर शर्यत हा धावण्यापेक्षा निराळा खेळ आहे, त्यामुळे दोघांच्या वेळा एका यादीत लावण्यात अर्थ नाही. खेळ निराळा असला, तरी तो त्याच रस्त्यावर आणि त्याच सकाळी होऊ शकतो, हे बोस्टन, लंडन, बर्लिन, शिकागो, न्यूयॉर्क या शहरांनी दाखवून दिलं आहे. मोठ्या मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअरपटू धावपटूंच्या काही मिनिटं आधी सुटतात, त्यांचा निकाल आणि बक्षिसं वेगळी असतात. तात्यानाने २०१३ मध्ये बोस्टन, लंडन, शिकागो आणि न्यूयॉर्क या चारही मॅरेथॉन एकाच वर्षात जिंकल्या.

मग व्हीलचेअरपटूंची आपापसातली बरोबरी कशी ठरते? सुरुवात खुर्चीपासून होते.

आजच्या रेसिंग चेअरला मागे दोन मोठी चाकं आणि पुढे लांबवर एक लहान चाक असतं. मागची चाकं खाली फाकलेली आणि वर आत झुकलेली असतात, त्यामुळे वळणावर तोल राहतो आणि हात चाकाच्या कडेवर नीट पोचतात. खेळाडू बहुतेक वेळा गुडघ्यांवर बसल्यासारखा, छाती जवळजवळ मांड्यांना टेकवून बसतो. चाकाच्या बाहेरच्या अंगाला एक गोल कडं असतं, त्याला ‘पुश रिम’ म्हणतात. हे कडं कोणी मुठीत धरत नाही. जाड, कडक हातमोज्यांनी त्याला वरून ठोसा मारायचा, खालपर्यंत ढकलत न्यायचं आणि हात झटकन वर आणायचा. जवळून पाहिलं तर कानावर पडतो तो मोजे रिमवर आपटल्याचा टकटक आवाज. सुटल्यावर पहिले काही ठोसे सावकाश आणि जोरदार, मग लय इतकी वाढते की हात वेगळे दिसेनासे होतात.

नियम या यंत्राच्या प्रत्येक भागाला लागू आहेत. हवा भरलेल्या टायरसह मोठ्या चाकाचा व्यास ७० सेंटिमीटरच्या वर नको, लहान चाकाचा ५० सेंटिमीटरच्या वर नको. प्रत्येक मोठ्या चाकाला एकच साधी गोल रिम. गिअर नाही, तरफ नाही, आरसे नाहीत. वारा कापायला मदत करणारं आवरण लावता येत नाही. दिशा बदलायची यंत्रणा हातानेच चालवायची. या सगळ्यामागचं तत्त्व आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने चार शब्दांत बांधलं आहे: सुरक्षितता, न्याय्यता, सार्वत्रिकता आणि शारीरिक कौशल्य. यंत्राने जिंकू नये, शरीराने जिंकावं, आणि यंत्र जगातल्या खेळाडूंना मिळण्यासारखं असावं.

सार्वत्रिकतेचं कलम कागदावर जितकं सोपं आहे, तितकं ट्रॅकवर नाही. हुगची चेअर स्वित्झर्लंडच्या ऑर्थोटेकने फॉर्म्युला वनच्या गाड्यांशी नाव जोडलेल्या सॉबर समूहाच्या मदतीने घडवली. अमेरिकी खेळाडूंसाठी २०१६ च्या रिओ स्पर्धेआधी बीएमडब्ल्यूने चेअर बनवली, जपानमध्ये होंडाने या क्षेत्रात काम केलं. कार्बनची चाकं, हवेच्या बोगद्यात तपासलेला सांगाडा, खेळाडूच्या हाताच्या मापाचे मोजे. नियमाच्या चौकटीत हे सगळं बसतं. पण आशिया-आफ्रिकेतल्या एखाद्या गावातून आलेला खेळाडू जुन्या, दुसऱ्याच्या मापाच्या चेअरवर त्याच रेषेवर उभा राहतो, तेव्हा नियम पाळले गेले म्हणून शर्यत न्याय्य झाली असं म्हणायला जीभ रेटत नाही. दिव्यांगांच्या खेळातली सर्वांत कमी बोलली जाणारी विषमता ती हीच, आणि वर्गीकरणाच्या कोणत्याही सुधारणेने ती मिटणारी नाही. त्यासाठी पैसा लागेल.

खुर्चीनंतर येतं शरीर. पॅरालिंपिक चळवळीचा उगम २९ जुलै १९४८ चा. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी मणक्याला इजा झालेल्या सोळा माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. रुग्णालयात जन्मलेला खेळ साहजिकच डॉक्टरी भाषेत विभागला गेला. मणक्याची इजा कोणत्या मणक्यापाशी आहे त्यावर गट, पाय कापलेल्यांचे गट वेगळे. निदान सारखं तर गट सारखा. याचा परिणाम असा झाला की गट फार झाले आणि एकेका गटात खेळाडू मोजके उरले. १९८० च्या दशकात विचार बदलू लागला आणि १९९२ च्या बार्सिलोना स्पर्धेपर्यंत अनेक खेळांत नवी पद्धत आली. आता खेळाडूला कोणता आजार आहे याऐवजी या खेळात लागणाऱ्या हालचालींवर त्याच्या अपंगत्वाचा किती परिणाम होतो, हे पाहिलं जातं.

व्हीलचेअर शर्यतीत टी ५१ ते टी ५४ असे चार वर्ग आहेत. टी म्हणजे ट्रॅक. टी ५४ मधल्या खेळाडूचे हात पूर्ण चालतात आणि धडावरही ताबा असतो, त्यामुळे तो ठोशामागे अख्खं अंग घालू शकतो. टी ५३ मध्ये हात पूर्ण, पण पोट आणि पाठीचे स्नायू साथ देत नाहीत. टी ५२ मध्ये खांदे आणि कोपर चालतात, बोटांची ताकद कमी असते. टी ५१ मध्ये हाताचं कोपर सरळ करणारे स्नायूही दुबळे असतात, तिथे रिम खाली ढकलण्यापेक्षा वर ओढण्यावर भर असतो. फरक केवढा मोठा? फिनलंडच्या लेओ-पेका तेहतीने २०१२ मध्ये टी ५४ ची १०० मीटर शर्यत १३.६३ सेकंदांत पूर्ण केली. टी ५१ च्या सर्वोत्तम खेळाडूंना त्याच अंतराला वीस सेकंदांच्या आसपास लागतात. दोघांना एका रेषेवर उभं केलं तर निकाल इजेने आधीच लावलेला असेल.

नव्या पद्धतीचं सुंदर उदाहरण पुन्हा मॅकफॅडन यांच्याच घरात आहे. तात्यानाची धाकटी बहीण हॅना, तीही दत्तक, अल्बानियात जन्मलेली, तिचा एक पाय गुडघ्याच्या वरपासून नाही. एकीला मणक्याचा दोष, दुसरीला पाय नाही. डॉक्टरांच्या जुन्या वहीत दोघी वेगवेगळ्या पानांवर असत्या. २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकमध्ये दोघी टी ५४ च्या १०० मीटर अंतिम फेरीत एकत्र होत्या आणि तात्यानाने कांस्य जिंकलं.

वर्ग ठरवायची रीत अशी. कमीत कमी दोन वर्गीकरण-तज्ज्ञांची समिती बसते. आधी कागद: खेळाडूला मान्य दहा प्रकारांपैकी एखादं कायमचं अपंगत्व आहे का? स्नायूंची कमी ताकद, सांध्यांची मर्यादित हालचाल, अवयव नसणं, दृष्टिदोष, बौद्धिक अपंगत्व वगैरे ते प्रकार. मग टेबल: खेळाडूला आडवं करून, बसवून प्रत्येक स्नायूची ताकद शून्य ते पाच या मापात तपासतात. ‘हात दाबून धरा’, ‘आता ढकला’, ‘पोट आवळून उठा’, अशा सूचना येत राहतात. त्यानंतर खेळाशी जोडलेल्या हालचाली, आणि गरज पडली तर प्रत्यक्ष शर्यतीतलं निरीक्षण. ठरलेल्या किमान मर्यादेइतकं अपंगत्व नसेल, तर रोजच्या जगण्यात तो माणूस कितीही अडचणी सोसत असला तरी या खेळासाठी अपात्र. खेळाडूला हा निकाल झोंबतो, पण ती रेषा कुठे तरी आखावीच लागते.

वर्ग अपंगत्वाचा असतो, गुणवत्तेचा नसतो, हे २०२४ च्या पॅरिस स्पर्धेत स्वित्झर्लंडच्या कॅथरिन डेब्रूनरने ठसवलं. ती टी ५३ ची खेळाडू. आपल्या वर्गातली ४०० आणि ८०० मीटरची सुवर्णं तर तिने घेतलीच, पण १५०० मीटर, ५००० मीटर आणि मॅरेथॉनमध्ये धडावर पूर्ण ताबा असलेल्या टी ५४ च्या खेळाडूंनाही मागे टाकलं. पाच सुवर्णं. ती इतकी चांगली झाली म्हणून तिला वरच्या वर्गात ढकलायचं नाही, हाच वर्गीकरणाचा गाभा आहे. सराव करणाऱ्याला सरावाची शिक्षा व्हायला नको.

मेहनतीने वेगवान झालेला आणि तपासणीत मुद्दाम दुबळा वागलेला हे दोघे निकालपत्रावर सारखेच दिसतात. दुसऱ्याला पकडणं अवघड, आणि इथे फसवणुकीचा इतिहास लाजिरवाणा आहे. २००० च्या सिडनी पॅरालिंपिकमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या बास्केटबॉलचं सुवर्ण स्पेनने जिंकलं. नंतर संघात खेळलेला पत्रकार कार्लोस रिबागोर्दा यानेच उघड केलं की बारापैकी दहा खेळाडूंना कोणतंही बौद्धिक अपंगत्व नव्हतं. पदक गेलं. पण मोठी किंमत मोजली ती निरपराधांनी. बौद्धिक अपंगत्व असलेल्या सगळ्याच खेळाडूंना पॅरालिंपिकचे दरवाजे बंद झाले आणि ते २०१२ च्या लंडन स्पर्धेपर्यंत उघडले नाहीत. बारा वर्षं म्हणजे एका खेळाडूची अख्खी कारकीर्द.

शरीराशी केलेली फसवणूक याहून भयंकर आहे. मणक्याच्या वरच्या भागात इजा झालेल्यांच्या शरीरात, संवेदना नसलेल्या भागाला इजा किंवा ताण झाला की रक्तदाब अचानक चढतो. तो चढला की कामगिरीही वाढते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ अव्वल व्हीलचेअरपटूंची ७.५ किलोमीटरची कृत्रिम शर्यत घेतली, तेव्हा या अवस्थेत वेळ सरासरी ९.७ टक्क्यांनी सुधारली. म्हणून काही जण मूत्राशय तुंबवून ठेवत किंवा पायाला मुद्दाम इजा करून घेत. याला ‘बूस्टिंग’ म्हणतात. यात मेंदूत रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. १९९४ पासून त्यावर बंदी आहे आणि स्पर्धेआधी रक्तदाब मोजला जातो.

प्रत्येक बाद झालेला खेळाडू लबाड नसतो, हेही तितकंच ठामपणे सांगायला हवं. अमेरिकेची जलतरणपटू व्हिक्टोरिया आर्लेन हिने लंडनमध्ये एक सुवर्ण आणि तीन रौप्य पदकं मिळवली. २०१३ मध्ये तिचं अपंगत्व कायमचं असल्याचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून ती अपात्र ठरली. बरं होण्याची शक्यता हेच अपात्रतेचं कारण ठरलं. भारतीय प्रेक्षकांनी असाच धक्का २०२१ मध्ये टोकियोत अनुभवला. थाळीफेकपटू विनोद कुमार यांना स्पर्धेच्या आठवडाभर आधी एफ ५२ (एफ म्हणजे फील्ड) हा वर्ग मिळाला होता. थाळीफेकीत त्यांनी १९.९१ मीटर फेक करून कांस्य मिळवलं. इतर संघांनी हरकत घेतली, फेरतपासणी झाली, समितीला त्यांना कोणताच वर्ग देता आला नाही आणि दुसऱ्याच दिवशी पदक रद्द झालं. घरी जल्लोष सुरू असताना असा निकाल येणं ही व्यवस्थेची त्रुटी आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण खूप आधी आणि निवांतपणे झालं, तर असे प्रसंग कमी होतील. त्यासाठी खेळाडूला लवकर परदेशी स्पर्धेला पाठवावं लागतं, म्हणजे पुन्हा खर्चाचाच प्रश्न.

निकाल लागल्यानंतरही न्याय करता येतो, याचा दाखला २००८ च्या बीजिंगमधला. महिलांच्या टी ५४ च्या ५००० मीटर शर्यतीत शेवटच्या टप्प्यात अनेक चेअर एकमेकींवर आदळल्या. कॅनडाच्या डायान रॉयला सुवर्ण दिलं गेलं, पदकवितरणही झालं. मग हरकती आल्या आणि काही दिवसांनी शर्यत पुन्हा घेतली. या वेळी सुवर्ण अमेरिकेच्या अमांडा मॅकग्रोरीला मिळालं आणि रॉय दुसरी आली. गळ्यात पडलेलं सुवर्ण परत करून पुन्हा ट्रॅकवर उतरलेल्या रॉयचं दुःख खरं, आणि पडलेल्यांना मिळालेली दुसरी संधीही योग्यच.

महाराष्ट्राने दिव्यांगांच्या खेळाला पहिल्यापासून माणसं दिली आहेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली लुळे झाले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण जिंकलं, त्याच स्पर्धेत ते भालाफेक आणि व्हीलचेअर स्लॅलममध्येही उतरले होते. त्याच जिल्ह्यातल्या करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला एफ ४६ या वर्गात १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्य आणलं. या दोघांच्या मधल्या बावन्न वर्षांत व्हीलचेअर शर्यत मात्र आपल्याकडे रुजली नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र गट आहे, त्याचं अंतर छोटं आहे आणि त्याचा सूर उत्साहाचा आहे. तो असावाच. पण बोस्टनने १९७५ मध्ये पूर्ण अंतराची संधी आणि घड्याळावरची अट दोन्ही दिली, म्हणून पुढे तिथे खेळाडू घडले.

शाळेच्या क्रीडास्पर्धेत व्हीलचेअरवरच्या मुलाला टाळ्या वाजवायला बसवणारे शिक्षक वाईट मनाचे नसतात. त्यांना वाटतं, हा कोणाशी स्पर्धा करणार? तो प्रश्न नंतरचा आहे. आधी त्याला इतरांबरोबर सुटू द्यावं, बाहेरची लेन द्यावी, त्याची वेळ घड्याळाने मोजून फलकावर लिहावी आणि पुढच्या वर्षी त्याच वेळेशी त्याची तुलना करावी. तालुक्यात असे चार जण झाले की त्यांची स्वतंत्र शर्यत लावता येईल, जिल्ह्यात वीस झाले की वर्गीकरणाची गरज भासेल आणि तज्ज्ञही लागतील. क्रम हाच आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं की अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी, यासाठी सरकारने प्रयत्न करावेत. मुख्याध्यापकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी ते कलम या वर्षीच्या क्रीडामहोत्सवाचं वेळापत्रक आखण्याआधी एकदा वाचावं.